समुद्र नको, गावाचं नाव सांगा

लंडनच्या कुठल्याही वर्दळीच्या रस्त्यानं थोडं चाललं की 'मेडिटेरेनियन' अशी पाटी लावलेलं एखादं तरी हॉटेल दिसतंच. दाराला निळा रंग, भिंतीवर ऑलिव्हच्या फांदीचं चित्र, आणि मेनूकार्डाच्या एकाच पानावर हम्मस, कालामारी, पिझ्झा, मुसाका, लँब शिश आणि पास्ता. घरचे आणि पाहुणे मिळून सहा-सात जण जेवायला बाहेर पडले की ही पाटी सोयीची वाटते. प्रत्येकाला काही ना काही मिळेल, कुणी रुसणार नाही. माझा आक्षेप या सोयीलाच आहे. आपण कुठल्या गावचं रांधतो हे ज्या हॉटेलला सांगता येत नाही, तिथं पैसेही घालवू नयेत आणि संध्याकाळही, असं माझं मत आहे. हे पुस्तक त्या मताच्या पुष्ट्यर्थ लिहिलेलं आहे.

भूमध्य समुद्र पूर्व-पश्चिम सुमारे ३,७०० किलोमीटर पसरला आहे आणि त्याच्या काठाला वीसहून अधिक देश आहेत. या सगळ्यांत समान काय? फ्रेंच इतिहासकार फेर्नां ब्रोदेल यानं १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या महाग्रंथात या प्रदेशाची हद्द राज्यांच्या सीमांवरून आखली नाही, झाडांवरून आखली. उत्तरेला ऑलिव्ह जिथवर तग धरतो तिथून दक्षिणेला खजुराच्या राया लागेपर्यंतचा हा मुलूख. गहू, ऑलिव्ह आणि द्राक्ष या मुलखात जवळजवळ सगळीकडे भेटतात हे खरं, पण तेवढ्यावरून स्वयंपाक ठरत नाही. शिवाय आज आपण ज्या भाज्यांवरून हा प्रदेश ओळखतो त्यांतल्या कितीतरी बाहेरून आलेल्या आहेत. टोमॅटो आणि मिरची अमेरिकेतून, म्हणजे १४९२ नंतर. तांदूळ, ऊस, आंबट लिंबं आणि वांगी अरबांच्या हातून पूर्वेकडून. वांग्याचं मूळ तर आपल्याच बाजूचं. प्रत्येक बंदरानं आणि प्रत्येक खोऱ्यानं या पाहुण्यांना आपापल्या पद्धतीनं घरात घेतलं.

वांग्याचंच पाहा. तुर्कस्तानातल्या गाझिआन्तेपमध्ये ते निखाऱ्यावर भाजून लसूण-दह्यात कालवतात आणि वर तव्यावर परतलेलं मटण घालतात. त्या पदार्थाला अली नाझिक म्हणतात. इस्तंबूलकडे तेच वांगं कांदा-टोमॅटो भरून, भरपूर ऑलिव्ह तेलात शिजवून, पूर्ण गार करून वाढतात. गरम मागितलं तर वाढणारा जरा थांबून तुमच्याकडे बघतो. बैरुतला भाजलेल्या वांग्यात तिळाची ताहिनी आणि लिंबू. पालेर्मोत तळलेल्या फोडींना व्हिनेगर आणि साखर लावून आंबटगोड कापोनाता. सिसिलीच्याच दुसऱ्या टोकाला, कातानियात, तळलेलं वांगं, टोमॅटो आणि खारवलेला रिकोता घातलेला पास्ता, ज्याला त्या गावच्या बेल्लिनी या संगीतकाराच्या 'नॉर्मा' या ऑपेराचं नाव आहे. एका वांग्याचे हे पाच संसार एकाच स्वयंपाकघरात नीट चालतील असं म्हणणारा माणूस एकतर असामान्य आचारी असावा किंवा त्याच्याकडे मोठा फ्रीझर असावा. अनुभव दुसऱ्या शक्यतेच्या बाजूचा आहे.

मग ही पाटी आली कुठून? इंग्लंडपुरतं बोलायचं तर तिच्या जन्माचं साल जवळजवळ सांगता येतं. १९५० साली एलिझाबेथ डेव्हिड या लेखिकेचं भूमध्य प्रदेशातल्या स्वयंपाकावरचं पुस्तक लंडनमध्ये निघालं. महायुद्ध संपून पाच वर्षं झाली होती, तरी रेशनिंग चालूच होतं. मांसावरचं नियंत्रण उठायला १९५४चा जुलै उजाडला. ऑलिव्ह तेल औषधांच्या दुकानात, कानात घालायचं म्हणून इवल्याशा बाटलीत मिळायचं. बाईंनी युद्धाच्या धामधुमीत फ्रान्सचा दक्षिण किनारा, ग्रीसमधलं सायरॉस बेट, अलेक्झांड्रिया, कैरो असा मुक्काम केलेला होता. त्यांच्या पुस्तकातले बरेचसे पदार्थ तेव्हाच्या वाचकाला करून बघता येण्यासारखे नव्हतेच. ते वाचायचे होते. त्या वाचनातून इंग्रजांच्या मनात एक उन्हाचा, लसणाचा, लिंबाचा प्रदेश तयार झाला आणि तो अजून तसाच आहे. मात्र बाईंनी स्वतः पुष्कळ पदार्थांचा गाव-मुलूख जपून नोंदवला होता. पाटी रंगवणाऱ्यांनी तेवढंच सोडलं.

पुढचा हात डॉक्टरांचा. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी १९५८ मध्ये आहार आणि हृदयविकार यांच्या संबंधाचा सात देशांतला अभ्यास सुरू केला. ते देश म्हणजे अमेरिका, फिनलंड, नेदरलंड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान. सातांत भूमध्य काठचे तीनच. क्रीट बेटावरच्या कष्टकरी माणसांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण फार कमी आढळलं, आणि त्यातून 'मेडिटेरेनियन डाएट' ही कल्पना जगभर गेली. २०१० साली युनेस्कोनं या आहारपद्धतीला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं, तेव्हा त्यात स्पेन, ग्रीस, इटली आणि मोरोक्को होते. २०१३ मध्ये सायप्रस, क्रोएशिया आणि पोर्तुगाल यांची भर पडली. पोर्तुगालचा सगळा किनारा अटलांटिकवर आहे, पण ते असो. मला गंमत वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. त्या नोंदीत तुर्कस्तान नाही, लेबनॉन नाही, सीरिया नाही. लंडनमध्ये संध्याकाळी 'मेडिटेरेनियन' म्हणून जे काही वाढलं जातं त्यातलं बरंचसं रांधणारी माणसं नेमकी याच देशांतली.

ही माणसं लंडनला कशी आली ते समजून घेतलं की हॉटेल निवडणं निम्मं सोपं होतं, कारण माणसं कधीच 'भूमध्य प्रदेशातून' येत नाहीत. ती एखाद्या खेड्यातून येतात, आधी आलेल्या मावसभावाच्या खोलीत उतरतात आणि त्याच गल्लीत दुकान टाकतात. सायप्रस १९६० पर्यंत ब्रिटिश वसाहत होती. तिथले ग्रीक आणि तुर्क दोघंही आधी सोहो, कॅम्डनकडे आणि मग उत्तरेला हॅरिंगे, पामर्स ग्रीनकडे सरकत गेले. १९७४ मध्ये बेट दुभंगलं तेव्हा घरदार गमावलेले आणखी आले. मागोमाग तुर्कस्तानातून, १९८०च्या लष्करी उठावानंतर आणि पुढच्या दशकभर, मराश, सिवास, आन्तेप (म्हणजे गाझिआन्तेप) या भागांतले कुर्द आणि तुर्क हॅकनी-हॅरिंगेत आले. १९७५ ते १९९० या काळात लेबनॉनमध्ये यादवी युद्ध चाललं होतं, त्या वर्षांत एजवेअर रोड अरबी पाट्यांनी भरला. मरूश हे तिथलं नामांकित घराणं १९८१चं. नॉटिंग हिलच्या उत्तर टोकाला गोलबोर्न रोडवर मोरोक्कन आणि पोर्तुगीज शेजारी शेजारी. इटालियन तर या सगळ्यांच्या आधीचे. क्लार्कनवेलमधलं त्यांचं सेंट पीटर चर्च १८६३चं आहे आणि सोहोतलं लीना स्टोअर्स हे पास्त्याचं दुकान १९४४चं, म्हणजे युद्ध चालू असतानाचं.

यातला ग्रीन लेन्स हा रस्ता मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, म्हणून पुस्तकातला सगळ्यांत मोठा भाग त्याला दिला आहे. हॅरिंगेमधल्या त्याच्या पट्ट्यात एकाला लागून एक अशी तुर्की आणि कुर्दी हॉटेलं आहेत, मधे मधे बकलावाची दुकानं, सोनार, रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी भाजीची दुकानं. इथं ओजाकबाशी हा प्रकार बघायला मिळतो. मधोमध निखाऱ्यांची लांबट भट्टी, वर तांब्याचं धुराडं, आणि भट्टीच्या कडेनंच बसायची जागा. आचारी तुमच्यासमोर शिगा फिरवतो. आल्या आल्या, काही मागवायच्या आधी, गरम पोळ्यांसारखा पाव, सॅलड आणि भाजलेल्या कांद्यावर डाळिंबाचा आटवलेला रस घातलेली ताटली येते. बहुतेक ठिकाणी तिचे पैसे लावत नाहीत. भट्टीजवळची जागा थंडीत स्वर्ग आणि जुलैत शिक्षा. कपड्यांना धुराचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो, तेव्हा नवी पैठणी नेसून जायची ही जागा नव्हे.

या रस्त्यावर गाव विचारलं की लोक खुलतात. एका हॉटेलाचं नावच आन्तेपलिलेर आहे, म्हणजे आन्तेपकर मंडळी. गाझिआन्तेप समुद्रकाठी नाहीच, चांगलं आत आहे, सीरियातल्या हलबच्या शेजारचं. पण पिस्ते, लाल मिरची, डाळिंब आणि कोकराचं मांस यांवर उभा असलेला तिथला स्वयंपाक इतका नेटका आहे की २०१५ मध्ये युनेस्कोनं त्या शहराला पाककलेचं सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली आणि त्याआधी, २०१३ मध्ये, तिथल्या बकलावाला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. लाहमाजून म्हणजे पातळ पोळीवर खिमा पसरून भट्टीत भाजलेला प्रकार. आन्तेपचा लाहमाजून लसणाचा, शेजारच्या उर्फाचा कांद्याचा. दोन्ही गावं एकमेकांच्या लाहमाजूनला नाकं मुरडतात. अदाना कबाबचा खिमा यंत्रातून न काढता झिर्ह नावाच्या मोठ्या वाकड्या सुरीनं हातानं करायचा असतो, त्यात मेंढीच्या शेपटीची चरबी आणि तिखट मिरची. उर्फा कबाब त्याच जातीचा, पण सौम्य. 'अदाना चांगला की उर्फा?' एवढा एक प्रश्न वाढणाऱ्याला विचारा. त्याला आपलं मत असेल तर खुर्ची ओढा. 'दोन्ही छान आहेत सर' असं उत्तर आलं तर पाणी पिऊन उठायलाही हरकत नाही.

अशा ठिकाणी लोक रोज जेवतात हेही पाहण्यासारखं आहे. गिल्बर्ट आणि जॉर्ज ही विख्यात कलावंत जोडी घरात स्वयंपाकघरच ठेवत नाही, आणि डाल्स्टनच्या मंगाल २ या तुर्की हॉटेलात वर्षानुवर्षं रात्रीचं जेवण घेत असे. रोज जेवणारं गिऱ्हाईक असलं की आचारी ढिला पडत नाही. पर्यटकांच्या चौकातल्या हॉटेलांना ही भीती नसते, कारण तिथं आज आलेला माणूस पुन्हा येणारच नसतो.

इटलीच्या बाबतीत गावाचं नाव शोधणं जास्त अवघड आहे, कारण 'इटालियन' हा शब्दच आता साऱ्या जगानं आपला करून टाकला आहे. तिथं मला सोहोतल्या बोक्का दी लूपो या हॉटेलाची रीत आवडते. २००८ साली ते सुरू झालं तेव्हापासून मेनूत प्रत्येक पदार्थापुढं त्याचा प्रांत छापलेला असतो. हा रोमचा, हा पुल्याचा, हा व्हेनेतोचा. एका अर्थी तिथंही अनेक प्रांत एका पानावर आहेत, मग माझ्या तक्रारीचं काय, असं कुणी विचारेल. फरक असा की तिथं प्रत्येक पदार्थ आपलं घर सांगून मग टेबलावर येतो. लिगुरियाच्या पदार्थात सिसिलीचा मसाला शिरत नाही. पेस्तो घ्या. जेनोआकडे पेस्तो घातलेल्या पास्त्यात उकडलेला बटाटा आणि हिरव्या शेंगाही असतात. लंडनमध्ये हे तिन्ही एका ताटलीत आलं तर स्वयंपाकघरात कुणीतरी लिगुरिया पाहिलेला आहे असं समजावं. कार्बोनारात क्रीम आलं तर समोरचा रोमकडे फिरकलेला नाही.

सिसिलीबद्दल थोडं जास्त लिहिलं आहे, आणि त्याला कारण आहे. नवव्या ते अकराव्या शतकापर्यंत या बेटावर अरबांचं राज्य होतं आणि ते आजही ताटात दिसतं: मनुका आणि पाइनच्या बिया घातलेला सार्डिन माशांचा पास्ता, ट्रापानीचा माशांच्या रश्शातला कुस्कुस, आंबटगोडाची हौस. पालेर्मोच्या रस्त्यावर हरभऱ्याचं पीठ पाण्यात सतत ढवळत घट्ट शिजवतात, पसरून थापतात, गार झाल्यावर कापतात, तळतात आणि लिंबू पिळून पावात घालून विकतात. त्याला पानेल्ले म्हणतात. थापेपर्यंतची सगळी कृती आपल्या पाटवडीची. फोडणी तेवढी नाही. तेच पीठ जेनोआला पातळ भिजवून तांब्याच्या मोठ्या परातीत भट्टीत भाजतात तेव्हा ती फारिनाता होते, आणि सरहद्द ओलांडून नीसला गेलं की सोक्का. मराठी पाहुण्यांना परक्या जेवणाची भीती वाटत असेल तर त्यांना आधी पानेल्ले असलेलं सिसिलियन हॉटेल शोधून द्यावं, पुढचं आपोआप होतं.

मेनू वाचायला शिकलं की पुष्कळ काम भागतं, आणि त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. लेबनीज हॉटेलात शेजारच्या टेबलावरचा तबूले बघा. तो हिरवागार असला पाहिजे, कारण तो पार्सलीचा पदार्थ आहे आणि गव्हाचा भरडा त्यात चवीपुरता असतो. उलट दिसला तर गव्हाचा भरडा स्वस्त आणि पार्सली निवडायला मजुरी लागते, एवढाच त्याचा अर्थ. फलाफल हरभऱ्याचं असेल तर लेबनॉन-पॅलेस्टाइनकडचं, पावट्यासारख्या मोठ्या फावा दाण्याचं असेल तर इजिप्तचं. इजिप्शियन आचारी हरभऱ्याचं फलाफल मनापासून करत नाही. हारिसा ट्युनिशियाची ओळख, तिथं तिखट लागतं. मोरोक्को सुक्या मेव्याकडे आणि दालचिनीकडे झुकतो आणि कुस्कुस परंपरेनं शुक्रवारी करतो. म्हणून मोरोक्कन हॉटेलात जायचं तर शुक्रवार बरा. बुर्राता मात्र आता सगळीकडेच दिसतो, त्यावरून काही ठरवू नका.

पाएयाबद्दल एक वेगळा इशारा. व्हॅलेन्सियात तो दुपारच्या जेवणाचा पदार्थ आहे. ससा, कोंबडी, चपट्या हिरव्या शेंगा, मोठे पांढरे दाणे आणि केशर. २०१६ मध्ये जेमी ऑलिव्हर या प्रसिद्ध इंग्रज शेफनं त्यात चोरिझो सॉसेज घातलं तेव्हा स्पेनमध्ये गदारोळ झाला होता. रात्रीच्या जेवणाला पाएया मागवूच नये असं मी म्हणत नाही. पण कच्चा तांदूळ रश्शात शिजायलाच वीस मिनिटांच्या आसपास लागतात. तेव्हा दहा मिनिटांत ताट समोर आलं, तर तो भात तुमच्यासाठी शिजवलेला नाही. मार्सेयच्या बुयाबेसचंही तसंच. तिथल्या हॉटेलवाल्यांनी १९८० साली एकत्र येऊन त्यात कुठले मासे असावेत, कसं वाढावं याची सनद केली. चांगली हॉटेलं त्याची आगाऊ ऑर्डर मागतात. लंडनमध्ये कुणी तो आयत्या वेळी द्यायला तयार असेल, तर तो माशांचं साधं सूप देतो आहे. चांगलं असेलही ते, पण पैसे बुयाबेसचे देऊ नका.

शाकाहारी वाचकांसाठी वेगळं प्रकरण लिहिलं आहे. इथं थोडक्यात सांगतो. इटालियन हॉटेल शाकाहाऱ्यांना सोपं आणि तुर्की अवघड, हा समज आपल्याकडे पक्का आहे, आणि तो बराच उलटा आहे. पार्मेझान म्हणून ओळखलं जाणारं खरं पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनंच विरजलं जातं; तसा नियमच आहे. पेकोरीनो रोमानोला कोकराचं रेनेट. रिसोत्तोत कोंबडीचं पाणी असण्याची शक्यता, टोमॅटोच्या सॉसमध्ये अँकोव्ही मासा विरघळून दिसेनासा झालेला. कडक पाळणाऱ्याला इटालियन हॉटेलात फार प्रश्न विचारावे लागतात. याउलट तुर्की मेनूत ऑलिव्ह तेलातल्या गार भाज्यांचा स्वतंत्र वर्ग असतो. लेबनीज मेझ्झेत तर मांसाशिवाय टेबल भरून जातं: वांगी, शेंगा, पालकाच्या पुऱ्या, फत्तूश. ग्रीक आणि सायप्रियट स्वयंपाकाला ऑर्थोडॉक्स उपासांचा मोठा आधार आहे. ईस्टरआधीच्या दीर्घ उपासात मांस, दूध, अंडी सगळं वर्ज्य, त्यामुळे डाळी, चवळी, रानभाज्या यांचं भांडार तयार झालेलं आहे. त्या दिवसांत गेलात तर 'उपासाचं काय आहे?' असं विचारा. फक्त एक लक्षात ठेवा, रक्त नसलेले प्राणी मानून ऑक्टोपस आणि माकूळ त्या उपासाला चालतात. तुर्की हॉटेलात मसूरच्या सुपाला आणि दलियाच्या पिलाफला मांसाचं पाणी वापरलं आहे का, तेही विचारावं. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१४ पासून चौदा अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती देणं हॉटेलांना बंधनकारक आहे, त्यात तीळ आणि सुका मेवा येतात. पण रेनेट त्यात येत नाही.

इतकं वाचून कुणाला वाटेल की मी फक्त त्या त्या गावच्या माणसानंच त्या गावचं रांधावं अशा मताचा आहे. तसं नाही. एक्झमथ मार्केटमधलं मोरो हे हॉटेल १९९७ साली सॅम आणि सॅमँथा क्लार्क या इंग्रज जोडप्यानं काढलं. त्याआधी दोघं गाडीतून स्पेन आणि मोरोक्को फिरत, तिथं शिकत राहिले होते. आंदालुसिया आणि त्याच्या समोरचा आफ्रिकेचा किनारा एवढाच मुलूख त्यांनी प्रामुख्यानं धरला आणि धरून ठेवला. योतम ओतोलेंगी आणि सामी तमीमी हे दोघंही १९६८ साली जेरुसलेममध्ये जन्मले, एक ज्यू पश्चिम भागात आणि एक पॅलेस्टिनी पूर्व भागात. २००२ मध्ये नॉटिंग हिलला पहिलं दुकान निघालं आणि २०१२ साली त्यांनी मिळून आपल्या शहराच्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या दुकानातले सगळेच पदार्थ जेरुसलेमचे नाहीत, पण प्रत्येकाच्या मागे एक माहितीतली जागा आहे. 'अस्सल' या शब्दाचं मला वावडं आहे, कारण तो बहुतेक वेळा भिंतीवरच्या मातीच्या मडक्यांपुरता असतो. आचाऱ्यानं कुठला तरी एक मुलूख नीट पाहिलेला, चाखलेला असावा, एवढंच मागणं आहे. जन्म कुठंही झालेला असो.

पुस्तकात पत्त्यांची यादी दिलेली नाही. लंडनमध्ये भाडी वाढतात, आचारी हॉटेलं बदलतात, मालकांची मुलं दुसरं शिकतात, आणि छापलेली यादी वर्षभरात निम्मी खोटी ठरते. नावं आली आहेत ती उदाहरणं म्हणून. जाण्याआधी फोन करून हॉटेल चालू आहे ना याची खात्री करून घ्यावी. तारांकित, मोठ्या खर्चाच्या हॉटेलांचा विषयही घेतलेला नाही. त्यांची माहिती सांगायला इतर पुष्कळ आहेत.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी थोड्याच. शुक्रवार-शनिवारी रात्री टेबल दीड-दोन तासांपुरतंच देतात. गप्पांसाठी जमणार असाल तर आठवड्याच्या मधला दिवस धरा. सोमवारी बरीच लहान हॉटेलं बंद असतात. म्हातारी माणसं बरोबर असतील तर आधी आवाजाची चौकशी करा, कारण दगडी फरशी आणि उघडं स्वयंपाकघर या जोडीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पुष्कळ तुर्की आणि अरबी हॉटेलांत दारू मिळत नाही, काही ठिकाणी आपली बाटली नेऊ देतात. बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क बहुतेक वेळा आधीच जोडलेलं असतं. ते ऐच्छिक आहे, पण ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानं ती सगळी रक्कम कामगारांनाच द्यावी लागते. तेव्हा जेवण बरं झालं असेल तर ते काढायला लावू नका.

पहिल्यांदाच जाणार असाल तर ग्रीन लेन्सपासून सुरुवात करा. ओव्हरग्राउंडचं हॅरिंगे ग्रीन लेन्स स्टेशन त्या रस्त्यावरच आहे. मंगळवारी किंवा बुधवारी सातच्या आत पोचा, भट्टीजवळची जागा मागा, आणि दुपारी घरी अगदी हलकं जेवून निघा, कारण न मागवलेलंच इतकं येतं की मागवलेल्याला पोटात जागा ठेवावी लागते.